आपा, ये डिग्री चलेगी ना?

ईदनंतर मिरजेला खालाकडे गेले होते. जेवणं झाल्यावर तिच्या धाकट्या मुलीनं मोबाइलवर एक माहितीपत्रक उघडून माझ्यासमोर धरलं. चार वर्षांचा डेटा सायन्सचा अभ्यासक्रम. पहिली दोन वर्षं पुण्यात, पुढची दोन परदेशात आणि शेवटी एकच पदवी, जिच्यावर दोन्ही विद्यापीठांची मोहर. फीचा आकडा मी दोनदा वाचला. मग तिनं विचारलं, "आपा, ये डिग्री चलेगी ना?"

घरात एकदम शांतता झाली. कारण दहा-बारा वर्षांपूर्वी याच घरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

तेव्हा तिच्या मोठ्या भावानं पुण्यात एका संस्थेत प्रवेश घेतला होता. एका व्यापारी इमारतीतले दोन मजले, चकचकीत लॅब आणि भिंतीवर परदेशी विद्यापीठाचं बोधचिन्ह. तीन वर्षं इथेच शिकायचं, पदवी मात्र तिकडची. ते परदेशी विद्यापीठ खोटं नव्हतं. आपल्या देशात ते रीतसर मान्यताप्राप्त होतं. पोरगा मन लावून शिकला, पास झाला, प्रमाणपत्रही आलं. फीसाठी खालूंनी दोन गुंठ्यांचा तुकडा विकला होता, पण त्याचं कुणाला दुःख नव्हतं.

दुःख पुढे झालं. एमबीएच्या प्रवेशाला गेल्यावर त्याच्याकडे समकक्षता प्रमाणपत्र मागितलं गेलं. परदेशी पदवी भारतातल्या पदवीच्या बरोबरीची आहे, असं सांगणारा हा कागद त्या काळी भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, देत असे. पण हा पोरगा परदेशी विद्यापीठात एक दिवसही गेला नव्हता. शिकवलं होतं इथल्या संस्थेनं, फ्रँचायझी म्हणून. अशा पदवीला समकक्षता मिळत नाही. तो आज बरं कमावतो, पण सरकारी फॉर्म भरताना शिक्षणाच्या रकान्यात बारावी लिहितो.

त्या वेळी आम्ही संस्थेला विचारलं, तर म्हणाले, आम्ही फक्त भागीदार आहोत, पदवी त्यांची आहे. परदेशी विद्यापीठाला मेल केला, तर उत्तर आलं की तुमच्या देशातली मान्यता हा तुमच्या देशाचा प्रश्न आहे. आपापल्या जागी दोघंही बरोबर होते. म्हणूनच मला वाटतं की या गोष्टीत खरी चूक संस्थेत किंवा विद्यापीठात जितकी होती, त्याहून जास्त ती त्या दोघांच्या मधल्या जागेत होती. ती जागा तपासायचं काम कुणाकडेच नव्हतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे एक गोष्ट पहिल्या वर्षीच अंगवळणी पडते. दोन मॉड्यूल स्वतंत्रपणे तपासले आणि दोन्ही पास झाले, तरी जोडल्यावर प्रणाली चालेलच असं नाही. जोड वेगळी तपासावी लागते. रोजचं उदाहरण घ्या. यूपीआयनं पैसे पाठवले, आपल्या खात्यातून कापले गेले, समोरच्याला मिळाले नाहीत. दोन्ही बँका धडधाकट असतात, अडलेलं असतं मध्येच. पण तिथे मध्ये एनपीसीआय आहे आणि ठरावीक मुदतीत पैसे परत करण्याचे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. दोन देशांच्या मध्ये अडकलेल्या पदवीसाठी असं कोण आहे?

जोडीत काय काय अडकतं

संयुक्त पदवी म्हणजे दोन विद्यापीठांनी मिळून आखलेला, मिळून शिकवलेला आणि मिळून प्रमाणित केलेला अभ्यासक्रम. कल्पना उत्तम आहे. पवईला आयआयटी मुंबई आणि ऑस्ट्रेलियातलं मोनॅश विद्यापीठ २००८ पासून मिळून पीएचडी घडवत आहेत. तेव्हा हा प्रकार आपल्याला अगदीच नवा नाही. पण पदवी स्तरावर, मोठी फी घेऊन, शेकडो मुलांसाठी तो करायचा म्हटलं की अडचणी बारीकसारीक जागी असतात.

क्रेडिटचंच बघा. युरोपात एका वर्षाच्या पूर्णवेळ अभ्यासाचे ६० क्रेडिट धरतात आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचा अभ्यास. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे ४० क्रेडिट आणि १२०० तास आहेत. मग तिकडचे ३० क्रेडिट इथे किती? वीस, पंचवीस की तीस? हे आधी ठरलेलं नसेल तर तिसऱ्या वर्षाला गेलेल्या विद्यार्थ्याला कळतं की त्याचे काही क्रेडिट कमी पडतात.

आपल्याकडे एटीकेटी आहे, एखादा विषय राहिला तरी पुढच्या वर्गात जाता येतं. तिकडे ती सोय नसली तर? व्हिसा नाकारला गेला तर? परदेशी विद्यापीठानं मध्येच तो विभाग बंद केला तर? मार्कांबद्दल तक्रार असली, तर ती कोणत्या देशातल्या कोणत्या समितीकडे करायची? या प्रश्नांची उत्तरं विद्यापीठाच्या नावात किंवा वयात नसतात. ती त्या एका अभ्यासक्रमाच्या करारात असतात, आणि तो करार विद्यार्थ्याला सहसा कुणी दाखवत नाही.

युरोपानं काय केलं

युरोपाला हा प्रश्न आपल्या आधी पडला. १९९७ च्या लिस्बन करारानं एक तत्त्व घालून दिलं होतं: दुसऱ्या देशातली पात्रता नाकारायची असेल, तर दोन्हींत मोठा फरक आहे हे नाकारणाऱ्यानं दाखवावं. १९९९ मध्ये २९ देशांनी बोलोन्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. २००४ पासून इरास्मुस मुंडुस या कार्यक्रमाखाली तीन-तीन, चार-चार देशांतली विद्यापीठं मिळून पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवू लागली.

मग लक्षात आलं की अभ्यासक्रम एक असला तरी प्रत्येक देश त्याची तपासणी वेगळी करतो आहे. तीन देश, तीन समित्या, तीन नमुने. प्रबंधाला किती क्रेडिट द्यावेत यावरही एका देशाचा नियम दुसऱ्याच्या नियमाला छेद देई. प्रत्येक समिती आपल्या देशातला तुकडा बघून जाई. अख्खा अभ्यासक्रम कुणीच बघत नसे.

२०१५ मध्ये येरेवान इथे जमलेल्या शिक्षणमंत्र्यांनी यावर एक साधा तोडगा मान्य केला. संयुक्त अभ्यासक्रमाची एकच संयुक्त तपासणी व्हावी, आणि तिचा निकाल सगळ्या भागीदार देशांनी मानावा. तपासणी करणारी संस्था ईक्वार या युरोपीय नोंदणीपुस्तकात असावी. समितीत किमान चार जण असावेत, ते भागीदार देशांपैकी किमान दोन देशांतले असावेत आणि त्यात एक विद्यार्थी असलाच पाहिजे. समितीनं प्रत्यक्ष भेट द्यावी. विद्यापीठांमधल्या करारात पदवीचं नाव, प्रवेश, परीक्षा, मुलांची ये-जा, क्रेडिटची मान्यता हे सगळं लिहिलेलं आहे का, ते बघावं. आणि अहवाल जाहीर करावा. मान्यता सहा वर्षं टिकते.

हे सगळं तिथे सुरळीत झालं, असं मात्र नाही. काही देशांच्या कायद्यांनी ही पद्धत पूर्णपणे स्वीकारलेली नाही, त्यामुळे तिथे आजही दुहेरी तपासणी होते. तरीही तत्त्व स्पष्ट आहे. तपासायचा तो अभ्यासक्रम, अख्खा, जोडीसकट. आणि निष्कर्ष सगळ्यांना वाचता यायला हवेत.

आपण काय केलं

मे २०२२ मध्ये यूजीसीनं ट्विनिंग, संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी यांचे नियम अधिसूचित केले. ट्विनिंगमध्ये परदेशात मिळवलेले क्रेडिट ३० टक्क्यांपर्यंतच चालतात आणि पदवी भारतीय संस्थेचीच असते. संयुक्त पदवीत दोन्ही संस्थांकडे किमान ३० टक्के क्रेडिट मिळवावे लागतात आणि प्रमाणपत्रावर दोघांचं चिन्ह असतं. दुहेरी पदवीत दोन्ही संस्था आपापली पदवी देतात. नियमांत बसणाऱ्या पदवीला वेगळं समकक्षता प्रमाणपत्र लागत नाही, फ्रँचायझीला बंदी आहे आणि ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम या नियमांखाली येत नाहीत. ज्यांना अभ्यासक्रम पूर्ण करता येणार नाही, त्यांच्यासाठी बाहेर पडण्याचा मार्ग आधीच ठरवून ठेवणं संस्थांवर बंधनकारक आहे.

माझ्या खालेरा भावाच्या वेळी हे नियम असते, तर ते दोन मजले कदाचित उघडलेच नसते. त्यामुळे नियम वाईट आहेत, असं मी म्हणत नाही. माझा आक्षेप दरवाजावर आहे.

या नियमांत विनापरवानगी करार करण्याची मुभा कुणाला आहे? भारतीय संस्थेला नॅकचे किमान ३.०१ गुण हवेत, किंवा ती एनआयआरएफच्या विद्यापीठ यादीत पहिल्या शंभरात हवी, किंवा तिला विशेष श्रेष्ठत्वाचा दर्जा हवा. परदेशी संस्था क्यूएस किंवा टाइम्स हायर एज्युकेशनच्या यादीत पहिल्या हजारात हवी. म्हणजे हे मॉड्यूल पास, ते मॉड्यूलही पास, आणि जोड देवाच्या भरवशावर.

क्रमवारी अख्ख्या विद्यापीठाची असते. क्यूएसच्या गुणांत ३० टक्के वजन तर प्राध्यापकांच्या मतचाचणीला, म्हणजे नावलौकिकाला असतं. त्यातून पुण्यात उद्या सुरू होणाऱ्या, एकही विद्यार्थी अजून बाहेर न पडलेल्या अभ्यासक्रमाबद्दल काय कळणार? आणि नॅकबद्दल बोलायचं, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयनं तपासणी समितीच्या अध्यक्षांसह काही सदस्यांना अटक केली होती. मी स्वतः इंजिनिअरिंगला असताना तपासणीच्या आदल्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत कुंड्या आल्या होत्या. समिती गेल्यावर कुंड्याही गेल्या.

गंमत म्हणजे अभ्यासक्रम तपासण्याची पद्धत आपल्याकडे नाही, असंही नाही. नॅक संस्था तपासते, पण एनबीए इंजिनिअरिंगची एकेक शाखा तपासते. त्याच्याच जोरावर २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला आणि एनबीएनं त्या करारात बसणारी मान्यता दिलेले अभ्यासक्रम इतर सदस्य देशांनी बरोबरीचे मानायला सुरुवात केली. मग जिथे दोन देश, दोन कायदे आणि दोन फीया गुंतल्या आहेत, तिथेच आपण क्रमवारीच्या आकड्यावर का थांबतो?

आपल्या घरांना याचा फटका जास्त का

कुणी म्हणेल, हा सगळ्यांचाच प्रश्न आहे, त्यात मुसलमानांचं वेगळं काय? प्रश्न सगळ्यांचाच आहे आणि मागणीही सगळ्यांसाठीच आहे. पण चूक झाली तर सावरायची ताकद सगळ्यांची सारखी नसते.

ज्या घरात काका प्राध्यापक आहेत, मावशी परदेशात आहे, तिथे एका फोनवर खरी माहिती मिळते. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरात कॉलेजला जाणारी ही पहिली किंवा दुसरी पिढी. नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तरच्या पन्नासांमागे एक मुसलमान असल्याचं सच्चर समितीनं २००६ मध्ये नोंदवलं होतं. ज्याला विचारावं असा माणूस जवळ नसतो, त्याच्यासाठी जाहीर अहवाल हाच तो माणूस असतो.

दुसरं, पैसा. मे २०२२ मध्ये परदेशी भागीदारीचं दार उघडलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कळलं की अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज-अनुदान देणारी 'पढो परदेस' योजना बंद झाली आहे. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद केल्याचंही त्याच महिन्यात संसदेत सांगण्यात आलं. म्हणजे दार उघडलं आणि पायरी काढून घेतली. उरतं काय, तर दागिने, प्लॉट आणि खासगी कर्ज. अशा पैशानं घेतलेली पदवी अडकली, तर ते घर पुढच्या मुलाला शिकवायलाच घाबरतं.

तिसरं, मुली. 'पहिली दोन वर्षं पुण्यात' हे वाक्य मिरजेच्या घरात वेगळं ऐकू येतं. मुलगी जवळ राहील, आठवड्याला घरी येईल, मोठी झाल्यावर बाहेर जाईल. ज्या घरांनी एकदम परदेशाला होकार दिला नसता, ती घरं या रचनेला तयार होतात. म्हणूनच ही रचना मला मोलाची वाटते. आणि म्हणूनच ती मध्येच तुटली तर कुणाचं शिक्षण आधी थांबेल, हेही मला ठाऊक आहे.

मान्यता गेली की काय होतं, हे आपल्या समाजानं नुकतंच पाहिलं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशचा मदरसा कायदा वैध ठरवला, पण कामिल आणि फाजिल या पदव्या यूजीसी कायद्याशी विसंगत असल्यामुळे मदरसा मंडळाला त्या देता येणार नाहीत, असा निकाल दिला. तो कायद्याचा वेगळा मुद्दा आहे. पण वर्षानुवर्षं शिकलेल्या मुलांना 'तुमच्या कागदाचं पुढे काय' हा प्रश्न पडला, तो मात्र तोच.

मग मागायचं काय

माझी मागणी तीन ओळींची आहे. पहिली, प्रत्येक संयुक्त आणि दुहेरी पदवीच्या अभ्यासक्रमाची प्रवेश सुरू होण्याआधी एकच संयुक्त तपासणी व्हावी. समितीत दोन्ही देशांतले तज्ज्ञ आणि किमान एक विद्यार्थी असावा. दुसरी, तो अहवाल आणि दोन संस्थांमधला करार, व्यापारी गुपितं वगळून, यूजीसीच्या एका सार्वजनिक नोंदवहीत असावा. अभ्यासक्रमाचं नाव टाकलं की मान्यता, मुदत, फी आणि बाहेर पडण्याचा मार्ग दिसला पाहिजे. तिसरी, अभ्यासक्रम मध्येच बंद पडला तर क्रेडिट आणि फी यांचं काय होणार, याची जबाबदारी भारतीय संस्थेवर लेखी असावी.

यावर येणारा आक्षेप मला माहीत आहे. आणखी एक तपासणी म्हणजे आणखी एक बाबू, आणखी एक शिक्का, आणखी कुंड्या. भीती खोटी नाही. पण युरोपातली कल्पना तपासण्या वाढवण्याची नव्हती, अनेकांच्या जागी एक आणण्याची होती. आणि कुंड्यांवरचा इलाज तपासणी रद्द करणं नाही. समितीत विद्यार्थी बसवा आणि अहवाल उघड्यावर ठेवा. लायब्ररीत कुंड्या कधी आल्या, हे विद्यार्थ्याला नक्की माहीत असतं.

घाईचं कारणही आहे. जून २०२५ मध्ये मुंबईत पाच परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा काढण्यासाठी इरादापत्रं दिली गेली. नवी मुंबईत त्यांच्यासाठी एज्युसिटी उभी राहायची आहे. शाखेचे नियम वेगळे आणि संयुक्त पदवीचे वेगळे, पण माहितीपत्रकात दोन्ही सारखीच दिसतात. पुढच्या काही वर्षांत अशी पत्रकं आपल्या मोहल्ल्यांत भरपूर येणार आहेत.

तोपर्यंत

नियम बदलेपर्यंत प्रवेश थांबत नाहीत. म्हणून प्रत्येकानं निदान हे पाच प्रश्न लेखी विचारावेत. फोनवर नाही, मेलवर.

हा अभ्यासक्रम ट्विनिंग आहे, संयुक्त पदवी की दुहेरी पदवी, आणि तो यूजीसीच्या २०२२ च्या कोणत्या तरतुदीखाली चालतो? शेवटी हातात येणाऱ्या प्रमाणपत्रावर कुणाचं नाव आणि चिन्ह असेल, नमुना दाखवा. परदेशी विद्यापीठाच्या देशात हा अभ्यासक्रम, फक्त विद्यापीठ नव्हे, तपासला गेला आहे का? व्हिसा नाकारला गेला किंवा एखादा विषय राहिला, तर माझे क्रेडिट कुठे जातील आणि इथली पदवी मिळेल का? चारही वर्षांची एकूण फी किती, कोणत्या चलनात, आणि अभ्यासक्रम बंद पडला तर परत किती?

उत्तर म्हणून नुसती क्रमवारी पाठवली गेली, तर उत्तर मिळालं नाही असंच समजा. २०२३ च्या डिसेंबरमध्ये यूजीसीनं जाहीर सूचना काढून सांगितलं आहे की मान्यता नसलेल्या परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून किंवा एडटेक कंपन्यांमार्फत दिल्या जाणाऱ्या पदव्या ग्राह्य धरल्या जाणार नाहीत. २०२५ पासून परदेशी पदव्यांची समकक्षता यूजीसी स्वतः बघते, आणि फ्रँचायझीची पदवी तिथेही चालत नाही.

आणखी एक रस्ता ध्यानात ठेवा. इथल्याच साध्या कॉलेजातून चांगली पदवी घेऊन इरास्मुस मुंडुसला अर्ज करता येतो. शिष्यवृत्ती मिळाली तर शिकण्याची फी नाही आणि महिन्याला १४०० युरो, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला २४ महिन्यांपर्यंत. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान सुरू असतात. अनेक भारतीय मुलं दरवर्षी त्यावर जातात. आपल्या मोहल्ल्यातल्या करिअर शिबिरांत मात्र मी हे नाव फारसं ऐकलेलं नाही.

खालाच्या घरी त्या रात्री आम्ही तो मेल लिहिला. म्हणजे मी सांगत होते आणि टाइप करत होता तिचा भाऊ. चौथ्या प्रश्नाशी तो थांबला आणि त्यानं स्वतःच एक ओळ वाढवली: 'कृपया उत्तर संस्थेच्या अधिकृत मेलवरूनच पाठवावे.'

चार दिवसांनी उत्तर आलं. तीन प्रश्नांची उत्तरं नीट होती. फीबद्दल 'समुपदेशकांशी बोला' आणि व्हिसाबद्दल 'धोरण विचाराधीन आहे' असं लिहिलं होतं. खालूंनी तो मेल दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "धोरण ठरलं की कळवा म्हणावं. पैसे तेव्हा भरू." धाकटीनं तोवर सांगलीतल्या एका कॉलेजचाही फॉर्म भरून ठेवला आहे.